लाईन गेली, नेट गेलं, तरी बेल वाजते : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून झाल्यावर

आमचं फाटक रस्त्याला आहे आणि घर बरंच आत. मधल्या आंगणात ट्रॅक्टर, संत्र्याचे कॅरेट आणि हंगामात कापूस. छपरीत कुणी बसलेलं असेल तर फाटकावरचा माणूस दिसतो, मागच्या खोलीत असलेल्याला मात्र पत्ता लागत नाही. मी दिवसभर मोर्शीला (अमरावती जिल्हा) माझ्या सेवा केंद्रावर, बायको शाळेवर, घरी आई एकटी. आईला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्या कानाने तिला हवं तेवढंच येतं. व्हिडिओ डोअरबेल लावायची ती तिच्यासाठी. चोराचिलटांची भीती नंतरची.

आधी एक बॅटरीवाली वायफाय बेल लावून पाहिली होती. कंपनीचं नाव घेत नाही, कारण त्या प्रकारच्या बहुतेक बेली तशाच चालतात. फाटकावर बटण दाबलं की चित्र आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि तिथून फिरून घरातल्या मोबाईलवर येतं. शहरात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. आमच्याकडे लाईन गेली की थोड्या वेळाने टॉवरची बॅटरीही मान टाकते. नेट गेलं की बेल मुकी. शिवाय मागचं रेकॉर्डिंग पाहायचं तर दरमहा पैसे भरा. लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये म्हणतात, आणि मे महिन्यात आमच्या फाटकाच्या खांबाला हात लावून दाखवावा कुणीही. नागपूरला २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ वर गेला होता, तोही सावलीतला. आमचं गाव काही फार वेगळं नाही.

म्हणून दुसऱ्या खेपेला एकच अट ठेवली : बटण दाबल्यापासून घरात आवाज होईपर्यंत इंटरनेट कुठेही मधे येता कामा नये.

घेतली ती रिओलिंक कंपनीची वायर्ड, म्हणजे पीओई वाली. एकाच लॅन केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातं. भाच्याने बाहेरून येताना आणली, त्यामुळे वॉरंटीची आशा मी धरलेली नाही. तुम्ही घ्याल तेव्हा हे आधी विचारून घ्या. निवडायचं कारण असं की ती आरटीएसपीने (कॅमेऱ्याचं चित्र थेट पाठवायची एक पद्धत) चित्र सरळ घरच्या नेटवर्कवर देते, मेमरी कार्ड तिच्यातच बसतं आणि होम असिस्टंटमध्ये तिचं अधिकृत जोडकाम आहे, जे घरातल्या घरात चालतं. होम असिस्टंट हे पाउलस स्काउटसेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेलं, घरातली यंत्रं एका जागेवरून चालवणारं फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर. २०२४ पासून ते ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे. मला ही गोष्ट बेलीच्या मेगापिक्सेलपेक्षा महत्त्वाची वाटते. उद्या कुणी कंपनी विकत घेतली म्हणून माझ्या घरची बेल बंद पडली, असं तरी होणार नाही.

केबलवर मात्र कंजुषी करू नका. नियमाने लॅन केबलवर इथरनेट १०० मीटरपर्यंत चालतं, आमचं अंतर त्याच्या निम्मंही नाही. पण दुकानात स्वस्त म्हणून जी केबल हातात देतात, तिच्यात बरेचदा ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. डेटा जातो, वीज नीट पोचत नाही, आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की बेल आपोआप रिस्टार्ट होते. चाकूने तार खरवडून पाहा, आत पांढरी निघाली तर परत करा. बाहेरच्या वापराची, पूर्ण तांब्याची केबल पाइपात घालून जमिनीखालून नेली. पाइपाची दोन्ही तोंडं बंद केली, नाहीतर उंदीर पहिल्याच हिवाळ्यात निकाल लावतात. दुसरी गोष्ट स्विचची. सीसीटीव्हीच्या दुकानात ‘पीओई’ म्हणून १२ किंवा २४ व्होल्टचे जोडही मिळतात, ते या बेलीला चालत नाहीत. तिला ४८ व्होल्टवाला, ८०२.३ एएफ लिहिलेला स्विच लागतो. डब्यावर ते वाचूनच पैसे द्या. केबल, पाइप, स्विच, मजुरी मिळून बेलीपेक्षा खर्च जास्त झाला, हे आधीच सांगून ठेवतो.

सेटिंगचं फार लांबवत नाही. राउटरमध्ये बेलीला कायमचा एकच आयपी पत्ता बांधून दिला आणि तिथेच तिचं बाहेरचं इंटरनेट बंद करून टाकलं. कंपनीच्या ॲपमध्ये यूआयडी नावाची बाहेरून जोडणारी सोय असते, तीही बंद केली. आरटीएसपीचं पोर्ट सुरू आहे का ते पाहून घ्या. पासवर्डमध्ये @ घालू नका, आरटीएसपीच्या पत्त्यात ते चिन्ह आलं की पत्ता तिथेच तुटतो आणि आपण केबलला शिव्या देत बसतो. एवढं झालं की होम असिस्टंटमध्ये ‘पाहुणा’ म्हणून एक सेन्सर दिसतो. बटण दाबलं की तो चालू होतो.

इथपर्यंतचं सगळं इंटरनेटवर कुठेही वाचायला मिळेल. पुढची अडचण आमच्या गावाची आहे. आमच्याकडे बेलीचं बटण कुणी दाबतच नाही.

दाबतो तो कुरिअरवाला, बँकेचा माणूस, नाहीतर संत्र्याचा सौदा करायला आलेला परगावचा व्यापारी. गावचा माणूस फाटकाची कडी वाजवतो आणि हाक मारतो, “हाय का जी कोनी घरी?” दोनदा हाक मारून उत्तर आलं नाही की निघून जातो आणि संध्याकाळी पारावर सांगतो की यांच्याकडे कुणी दार उघडत नाही. मजूर सांगायला आलेली बाई, आशाताई, रीडिंगवाला, सगळ्यांची हीच रीत. हजारो रुपयांचं बटण तसंच चकचकीत. कडीलाच सेन्सर लावावा का, असंही एकदा मनात आलं होतं.

उपाय सापडला तो फ्रिगेटमध्ये. हेही मुक्त सॉफ्टवेअर, कॅमेऱ्याचं चित्र घरच्याच कॉम्प्युटरवर तपासून त्यात माणूस आहे की गाडी की जनावर ते ओळखतं. एक जुना इंटेलचा मिनी पीसी घेतला होता, त्याच्या अंगच्या ग्राफिक्सवर हे काम आरामात होतं, वेगळी चिप घ्यावी लागली नाही. ओळखण्यासाठी लहान चित्र आणि रेकॉर्डिंगसाठी मोठं, असे दोन प्रवाह वेगळे ठेवले की पीसी तापत नाही. फ्रिगेटमध्ये चित्रावर हवा तो भाग आखता येतो आणि त्या भागात कुणी किती सेकंद थांबलं तर दखल घ्यायची तेही ठरवता येतं. फाटकासमोरचा तेवढाच तुकडा आखला आणि सहा सेकंद ठेवले. रस्त्याने जाणारा दोन-तीन सेकंदांत पार होतो. कडी वाजवणारा थांबतोच. आता बटण दाबा नाहीतर हाक मारा, घरात सारखीच वर्दी जाते. मला विचाराल तर गावात या बेलीतली सगळ्यात कामाची गोष्ट तिचा कॅमेरा आहे, बटण हे पाहुण्यांच्या समाधानासाठी.

यातही गमती आहेत. फ्रिगेटसोबत येणारं ओळखीचं मॉडेल ज्या चित्रसंग्रहावर शिकलंय, त्यात हत्ती आणि अस्वल आहे, जिराफ आहे, बकरी नाही! वानरही नाही. त्यामुळे आमच्या बकऱ्या कधी मेंढ्या ठरतात, कधी कुत्रे. ते चालतं, कारण मला जनावरांची वर्दी नकोच आहे. वानराचं मात्र अवघड. खांबावर ताठ बसलेला हुप्प्या त्याला माणूस वाटतो. संत्र्याच्या दिवसांत टोळी आली की आईच्या खोलीत वर्दीवर वर्दी. शेवटी खांबांचा वरचा भाग आखणीतून काढला आणि माणूस असल्याची खात्री किती टक्के हवी तो आकडा वाढवला. आता बरंच कमी झालंय, पूर्ण थांबलेलं नाही. कुणी मुद्दाम आपल्या वानरांचे फोटो देऊन मॉडेल शिकवलं असेल तर कळवा, संत्र्याची पेटी पाठवतो.

आता वर्दी आईपर्यंत कशी पोचवायची. आमची जुनी टिंगटाँग बेल होती, ती तशीच ठेवली आणि तिच्या तारेत ईएसपीहोमवर (छोट्या वायफाय चिपांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर) चालणारा छोटा रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, बसवला. होम असिस्टंटने सांगितलं की रिले क्षणभर जुळतो आणि टिंगटाँग होतं. त्या रिलेला समांतर एक साधं बटणही फाटकाच्या आतल्या बाजूला ठेवलंय. सगळं कॉम्प्युटरचं प्रकरण झोपलं तरी तार आणि बटण यांच्यावर बेल वाजते. वायरमनने “मग बाकीचं कशाले केलं जी?” असं विचारलं. त्याचंही बरोबर आहे.

हिवाळ्यात एवढ्यावर भागलं. एप्रिल लागला आणि कूलर सुरू झाला. विदर्भाबाहेरच्यांना सांगायला हवं, की आमचा लोखंडी डेझर्ट कूलर खिडकीत सुरू झाला की खोलीत शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. टिंगटाँग काय, ढोल वाजला तरी आईला कळणार नाही. खोलीतला दिवा उघडझाप करून पाहिला. दुपारी उजेडात तो दिसत नाही, आणि ती झोपलेली असली तर डोळेच मिटलेले. हातात घालायचं घड्याळ आणलं, ते तिने दुसऱ्याच दिवशी देवाजवळ ठेवलं.

मग कूलरच्या सॉकेटमध्ये १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग (नेटवर्कवरून बंद-चालू करता येणारा) घातला आणि उलटा विचार केला. फाटकावर कुणी आलं की कूलर वीस सेकंद बंद होतो. एवढ्या गडगडाटानंतर एकदम पडलेली शांतता माणसाला झोपेतूनही उठवते. लाईन गेली की आपण सगळे तसेच उठतो, ती सवय अंगात मुरलेली आहे. त्याच शांततेत टिंगटाँग दोनदा वाजते आणि ती ऐकू येते. आईने याला कुठलंही नाव दिलं नाही. तिचं सरळ गणित आहे : “कूलर थांबला वाटते, कोन आलं पाय बरं.” पंखा फिरत असेल आणि फक्त कूलर थांबला असेल तर फाटकावर माणूस, दोन्ही थांबले तर लाईन गेली.

हे करणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. कूलर गोल फिरवायच्या बटणाचा हवा. नव्या टच बटणाच्या आणि रिमोटच्या कूलरमध्ये वीज परत आली तरी तो पुष्कळदा आपोआप सुरू होत नाही, आणि भर दुपारी म्हातारं माणूस घामाघूम. दुसरं, वीस सेकंदांनी परत चालू करायचं काम प्लगच्याच आत लिहून ठेवा. होम असिस्टंटने बंद केलं आणि नेमकं तेव्हाच ते रिस्टार्ट झालं, तर परत चालू कोण करणार? माझा प्लगही ईएसपीहोमचा असल्यामुळे हे सोपं गेलं. आणि एकदा कूलर थांबला की पुढची पाच मिनिटं पुन्हा थांबवायचा नाही अशी अट घाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं फाटकाला लोंबकळत असतात. ही अट नव्हती तोवर आईने मला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

बेलीत आपल्या आवाजात निरोपही भरून ठेवता येतो. कुणी थांबलं की माझा आवाज येतो, “दोन मिनिटं थांबा जी, आई येऊन राहिली.” याचा उपयोग मला वाटला त्यापेक्षा जास्त झाला. लोक निघून जात नाहीत. गल्लीतले एक आजोबा मात्र त्या आवाजाशी बोलत बसले. “कुठी हायेस बाबू, दिसून नाही राहिला,” म्हणून खांबामागे पाहून आले.

विजेचं प्रकरण थोडं खोलात सांगतो, कारण यात कुणी मार्गदर्शन करत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर मागे यूपीएस आणि नॉर्मल असा खटका असतो. यूपीएसवर ठेवला तर लाईन जाताना कॉम्प्युटर रिस्टार्ट होत नाही. पण त्या खटक्यावर व्होल्टेज साधारण १८०च्या खाली आलं की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. ओलिताच्या दिवसांत सगळ्यांच्या मोटरी सुरू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज तेवढं पडतंच. म्हणजे लाईन असूनही बॅटरी रिकामी होत राहते आणि खरी लाईन जाते तेव्हा हातात काही नसतं. मी इन्व्हर्टर नॉर्मलवरच ठेवला आणि मिनी पीसीला वेगळा छोटा यूपीएस दिला. राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस आहेच. पीओई स्विच आणि बेल लाईन जाताना एकदा रिस्टार्ट होतात, मिनिटभरात परत उभ्या राहतात. तेवढं चालतं.

सुरुवातीला हे सगळं रासबेरी पाय ४ या हाताएवढ्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिलं होतं. त्या पायवर स्वतःचं घड्याळ नसतं, ते वेळ इंटरनेटवरून विचारून घेतं. रात्री लाईन गेली, परत आली, नेट मात्र आलं नाही, की पायची वेळ मागे राहते आणि रेकॉर्डिंगवर भलतीच वेळ पडते. बागेतले कॅरेट कमी झाले तेव्हा रात्रीचं रेकॉर्डिंग शोधायला बसलो, तर वेळच जुळेना. मिनी पीसीत घड्याळाचा सेल असतो म्हणून तिकडे वळलो. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याचा सेल वेगळा घेऊन लावावा लागतो. होम असिस्टंटवर क्रोनी नावाचं, घरातल्या यंत्रांना वेळ सांगणारं ॲड-ऑन टाकलं, आता बेल आपली वेळ त्या पीसीलाच विचारते.

पावसाळ्यात मुख्य भीती विजांची. फाटकापासून घरापर्यंत तांब्याची तार नेली म्हणजे कडकडाटाला वाट करून दिली. घराकडच्या टोकाला लॅन केबलचा सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका जमिनीत सोडणारा) लावला आणि तो खऱ्या अर्थिंगला जोडला. खरं अर्थिंग म्हणजे कोळसा-मीठ भरलेला खड्डा. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावं लागतं, नाहीतर कोरड्या मातीत ते नावालाच उरतं. तरीही मृगात जोराचा गडगडाट सुरू झाला की मी केबल सरळ काढून ठेवतो. जवळ वीज पडली तर प्रोटेक्टर वाचवेलच, असं मी म्हणणार नाही.

ऊन हे पावसापेक्षा वाईट. बेलीच्या कागदावर ५५ अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. आमचं फाटक पश्चिमेला. काळं प्लास्टिक दुपारी दोनपासून सहापर्यंत उन्हात राहिलं तर हवेच्या ४५ अंशांवर आणखी किती चढेल याचा अंदाज करा. शिवाय मावळता सूर्य समोर आला की माणसाचा चेहरा काळा ठिक्कर दिसतो. म्हणून ती खांबाच्या दर्शनी बाजूला न लावता आतल्या, उत्तरेकडच्या बाजूला लावली, सोबत येणारी पाचर घालून थोडी रस्त्याकडे वळवली आणि वर सिमेंटच्या पत्र्याचा तुकडा छज्जासारखा बसवला. टिनाचा पत्रा लावू नका, तो स्वतःच तापून खाली आग ओकतो. उन्हाळा असा निभावला.

किड्यांचं थोडक्यात : इन्फ्रारेडच्या उजेडाला पाखरं येतात, पाखरांमागे कोळी, कोळ्यामागे पाल. पहाटे कॅमेऱ्यासमोर जाळं असतं आणि रात्रभराचं चित्र पांढरं. इन्फ्रारेड बंद केलं, फाटकाच्या दुसऱ्या खांबावर पिवळा बल्ब लावला. पाखरं आता तिकडे जातात.

मोबाईलवर निरोप येण्याचं कोडं वेगळं आहे. होम असिस्टंटचं ॲप अँड्रॉइडवर निरोप गुगलच्या मार्गाने पाठवतं, म्हणजे नेट नसेल तर घरातल्या घरातही पोचत नाही. सगळं लोकल केल्यावर हे कळलं की डोकं फिरतं. ॲपमध्ये सर्व्हरशी कायम जोडून राहायची सेटिंग आहे, ती घरच्या वायफायपुरती सुरू करा आणि फोनच्या बॅटरी बचतीतून ॲपला सूट द्या. बॅटरी जरा जास्त जाते. मी मोर्शीला असताना टेलस्केलने (बाहेरून घरच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणारं ॲप) घरच्या नेटवर्कवर येतो. मोबाईल कंपन्यांच्या नेटला स्वतंत्र आयपी मिळत नसल्याने राउटरवर पोर्ट उघडून काही साधत नाही, आणि उघडूही नये. पाहुण्याशी बोलायचं तर मी कंपनीचंच ॲप वापरतो, ते घरात आयपी पत्त्यावरून चालतं. होम असिस्टंटच्या पानावरून बोलायला एचटीटीपीएस (वेब पानाची सुरक्षित जोडणी) लागतं, त्याशिवाय ब्राउझर माइक उघडत नाही. ते अजून केलेलं नाही, गरजही पडली नाही.

समोरच्या घराचा ओटा बेलीच्या चित्रात येत होता. दुपारी बायका तिथे निवडण-टिपण करत बसतात. त्यांनी म्हणायच्या आधीच तेवढा भाग बेलीच्या सेटिंगमध्ये काळा केला, आवाजाचं रेकॉर्डिंग बंद केलं आणि समोरच्या वहिनींना घरी बोलावून चित्र दाखवलं. गावात एकदा ‘यांचा कॅमेरा आपल्यावर हाय’ अशी बोंब झाली की ती कुठल्याच सेटिंगने बंद होत नाही.

घ्यावी का? दार रस्त्यालाच असेल, नेट भरवशाचं असेल आणि घरात कान शाबूत असतील तर एवढा खटाटोप करू नका, साधी बेल घ्या. घरात रविवारी दोन तास या यंत्रांपुढे बसणारं कुणी नसेल तरीही करू नका. अपडेट येतात, अपडेटने कधी काहीतरी मोडतं, आणि ते दुरुस्त करायला मोर्शीहून कुणी मेकॅनिक येत नाही. मी अपडेट महिन्यातून एकदाच घेतो, आधी बॅकअप पेन ड्राइव्हवर काढून. माझ्यामागे घरच्यांचं अडू नये म्हणून इन्व्हर्टरच्या कपाटाच्या आत कागद चिकटवलाय : आधी राउटर, मग स्विच, मग पीसी, प्रत्येकाच्या मधे दोन मिनिटं. बायकोने त्याखाली पेनाने लिहून ठेवलंय, ‘नाहीच जमलं तर कूलरचा प्लग काढून पीन सरळ बोर्डात घालणे.’